घड्याळाला शिस्त

मे महिन्याच्या सुटीत आमचा नातू आला तो एक खोकं घेऊन. खोक्यात पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पट्टी (हा म्हणे अख्खा कॉम्प्युटर, नाव रास्पबेरी पाय), एक चपटी काळी वडी आणि चार-पाच मीटर वायर. वडीच्या पोटात लोहचुंबक होतं. त्याने ती गॅलरीच्या लोखंडी गजाला चिकटवली, वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाचा ताबा घेतला. मी विचारलं, "काय रे, काय चाललंय?" तर म्हणाला, "आजोबा, जीपीएस लावतोय."

आता जीपीएस म्हणजे रस्ता दाखवणारं यंत्र एवढं मलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "अरे, आपण पंचवीस वर्षं याच घरात राहतोय. घर कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे." त्यावर तो जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणाला, "म्हणूनच तर. जागा माहीत आहे, आता मला वेळ हवीय."

मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. रेखावृत्तांचा धडा तर इतक्या वेळा शिकवला असेल की झोपेतही म्हणून दाखवीन. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. साडेब्याऐंशी गुणिले चार बरोबर ३३० मिनिटं, म्हणून आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुलं हे पाठ करत आणि मीही त्यापलीकडे फारसा गेलो नाही. पण हाच धडा जहाजावरच्या माणसाला जीवन-मरणाचा होता. समुद्राच्या मधोमध आपण पूर्वेला किती, पश्चिमेला किती हे कळायचं तर ग्रीनिचला आत्ता किती वाजलेत ते माहीत पाहिजे. चार मिनिटं चुकलात की एक अंश चुकलात. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे एकशे अकरा किलोमीटर. खडकावर आपटायला तेवढं पुष्कळ झालं. म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ साली मोठं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या पोराने जन्म खर्ची घालून समुद्रावर टिकेल असं घड्याळ केलं. वेळ हातात असली की जागा सापडते, हे त्या सगळ्या खटाटोपाचं सार. आणि आज माझा नातू गॅलरीत बसून उलटा हिशेब करत होता. जागा हातात आहे, तिच्यावरून वेळ काढायची.

पुढचे आठ-दहा दिवस मी त्याच्या मागे लागलो. तो सांगायचा, मी वहीत लिहायचो, मग वाचून ताडून बघायचो. त्यातलं मला जे समजलं आणि आवडलं ते इथे लिहितो आहे. इंजिनियर मंडळींनी ढोबळपणा सांभाळून घ्यावा.

सुरुवात लंडनपासून करतो, कारण मला या सगळ्यात सर्वात आवडलेलं पात्र तिथलं आहे. ग्रीनिचच्या वेधशाळेत जॉन हेन्री बेलव्हिल नावाचे एक सहायक होते. लंडनच्या घड्याळजींना अचूक वेळ हवी असे आणि ते सारखे वेधशाळेची बेल वाजवून कामात व्यत्यय आणत. तेव्हा १८३६ पासून बेलव्हिलनीच दर आठवड्याला आपलं घड्याळ वेधशाळेच्या घड्याळाशी लावून ते लंडनभर फिरवायला सुरुवात केली. पैसे भरा आणि घड्याळ बघा. दूधवाल्याचा रतीब असतो तसा हा वेळेचा रतीब. सुरुवातीला शे-दोनशे गिऱ्हाइकं होती. ते घड्याळही खानदानी, जॉन आर्नल्ड या नामांकित कारागिराने केलेलं. एका राजपुत्रासाठी ते केलं होतं म्हणतात, पण त्याला ते फार बोजड वाटलं. सोन्याची डबी चोरांच्या डोळ्यांवर येईल म्हणून बेलव्हिलनी तिच्या जागी चांदीची बसवली. घरात त्या घड्याळाला नावानेच हाक मारत, 'आर्नल्ड'.

बेलव्हिल १८५६ मध्ये वारले. मग त्यांच्या विधवा पत्नी मारियाबाईंनी हा व्यवसाय चालवला, तो १८९२ पर्यंत. त्यांच्यानंतर मुलगी रूथ. ही रूथबाई सोमवारी सकाळी ग्रीनिचला जायची, आर्नल्डला वेधशाळेच्या घड्याळाशी ताडून आर्नल्ड किती पुढे-मागे आहे याचा दाखला घ्यायची आणि पिशवीत घड्याळ घालून लंडनच्या रस्त्यांवर चालू लागायची. तोवर तारेने वेळ पाठवणाऱ्या कंपन्या निघाल्या होत्या. १९०८ मध्ये त्यातल्याच एका कंपनीच्या बड्या माणसाने भर सभेत भाषण ठोकलं की ही जुनाट पद्धत हास्यास्पद आहे, आणि बाई आहे म्हणून तिला ठिकठिकाणी आत प्रवेश मिळतो असंही सुचवलं. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, बातमीदार बाईच्या दारात आले, आणि झालं उलटंच! फुकटात जाहिरात होऊन गिऱ्हाइकं आणखी मिळाली. १९२४ मध्ये बीबीसीचे ठोके सुरू झाले, १९३६ मध्ये टेलिफोनवर बोलतं घड्याळ आलं, तरी रूथबाईंचा रतीब चालूच. अखेर १९४० मध्ये, युद्ध चालू असताना, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी तो थांबवला.

मला यातली गोष्ट ही वाटते की बाईंचं घड्याळ अगदी बिनचूक नव्हतंच. ते किती चुकतं हे त्यांना नेमकं माहीत होतं आणि ते त्या गिऱ्हाइकाला सांगत. तीच खरी विक्रीची वस्तू होती.

आता कॉम्प्युटरकडे येतो. कॉम्प्युटरच्या पोटात जे घड्याळ असतं ते आपल्या मनगटावरच्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळाच्याच जातीचं. स्फटिकाचा एक तुकडा थरथरतो आणि त्याचे ठोके मोजले जातात. हा तुकडा थंडीत एका चालीने चालतो, उन्हाळ्यात दुसऱ्या. दशलक्ष ठोक्यांत वीस ठोके चुकले तर ते आपल्याला नगण्य वाटतं, पण दिवसाकाठी ती पावणेदोन सेकंदांची चूक होते, महिन्याला पाऊण-एक मिनिट. एकटा कॉम्प्युटर असेल तर बिघडलं नाही. पण हजारो कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू लागले आणि एक म्हणाला 'मी पैसे दहा वाजता पाठवले', दुसरा म्हणाला 'मला ते नऊ एकोणसाठला मिळाले', तर काय करायचं?

हा प्रश्न ज्याने तडीला नेला त्याचं नाव डेव्हिड मिल्स. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात ते बरीच वर्षं प्राध्यापक होते. जन्म १९३८ चा, आणि जन्मापासूनच काचबिंदू. थोडीफार दृष्टी शस्त्रक्रियेने राखली गेली होती, ती उतारवयात गेली. इंटरनेट जेव्हा काही मोजक्या विद्यापीठांपुरतं आणि लष्करी संशोधनापुरतं होतं तेव्हापासून हा माणूस घड्याळांच्या मागे होता. १९८५ मध्ये त्यांनी 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल' म्हणजे एनटीपीचा पहिला मसुदा मांडला. आज जगभरातले कॉम्प्युटर ज्या पद्धतीने एकमेकांना वेळ विचारतात त्यातली प्रमुख पद्धत हीच. मिल्स १७ जानेवारी २०२४ ला वारले. आपल्याकडे त्याची बातमी फारशी कुणी वाचली असेल असं वाटत नाही.

त्यांची युक्ती चौथी-पाचवीच्या मुलाला कळेल इतकी साधी आहे. समजा, माझ्या घड्याळात बरोबर दहा वाजता मी दूरच्या गावच्या एका जाणत्या माणसाला पत्र लिहिलं, 'माझ्या घड्याळात दहा वाजलेत, तुमच्याकडे किती?' त्याच्या हाती पत्र पडलं तेव्हा त्याच्या घड्याळात दहा वाजून सात सेकंद झाले होते. त्याने तसं लिहून लगेच उलट टपाली उत्तर धाडलं. ते मला मिळालं तेव्हा माझ्या घड्याळात दहा वाजून चार सेकंद. म्हणजे जाण्यायेण्यात मिळून चार सेकंद गेले. जाताना दोन आणि येताना दोन धरले, तर पत्र पोहोचलं तेव्हा माझ्या घड्याळात दहा वाजून दोन सेकंद असणार. त्याच्याकडे सात. माझं घड्याळ पाच सेकंद मागे! बस, एवढंच.

खोच आहे ती 'जाताना दोन आणि येताना दोन' यात. जाण्याचा रस्ता मोकळा आणि येताना वाहतुकीची कोंडी असेल तर हिशेब चुकतो, आणि नुसत्या पत्रांवरून तो चुकल्याचं कळायला मार्गही नाही. मग मिल्स यांनी काय केलं, तर एकाला न विचारता अनेकांना विचारायचं ठरवलं, आणि सगळ्यांची उत्तरं ताडून कोण विश्वासाचा आणि कोण थापाड्या हे कॉम्प्युटरनेच ठरवायचं. खऱ्याला त्यांनी नाव दिलं 'ट्रूचायमर', थापाड्याला 'फॉल्सटिकर'. वर्गात दंगा कुणी केला हे शोधताना मी हीच पद्धत वापरत असे, फक्त तिला असं झोकदार नाव नव्हतं.

आणखी एक शब्द. चुकलेल्या घड्याळाला बरोबर करण्याच्या या कामाला इंग्रजीत 'डिसिप्लिन' म्हणतात. शिस्त लावणे! मला हसूच आलं. पण त्यातली रीत मला फार पटली. घड्याळ पाच सेकंद मागे असेल तर धक्का मारून पुढे करायचं हा शेवटचा उपाय. चूक थोडी असेल तर त्याची चाल किंचित वाढवायची, म्हणजे ते आपोआप हळूहळू वेळेवर येतं, आणि अधूनमधून पाहत राहायचं. काही दिवसांत या घड्याळाची खोड काय आहे ते कळतं आणि ती खोड वहीत लिहून ठेवायची. (कॉम्प्युटर हे खरंच एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. नातवाने मला दाखवलं.) मला नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत हे समजलं असतं तर काही मुलांचे कान वाचले असते.

पण जाणत्या माणसाला तरी वेळ कोण सांगतं? एनटीपीत याच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वर अणुघड्याळं. त्यांच्याशी थेट जोडलेला कॉम्प्युटर पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या, त्याला विचारणारा तिसऱ्या. रूथबाई, त्यांची गिऱ्हाइकं घड्याळजी, आणि घड्याळजींकडून वेळ लावून घेणारं लंडन, अशीच ही उतरंड. मिल्स यांनी सुरुवातीला पहिल्या पायरीसाठी सरकारी रेडिओ केंद्रांचे वेळेचे संदेश पकडणारी यंत्रं वापरली, आणि हवामानाचे उपग्रह त्या काळी वेळही प्रसारित करत, त्यांची यंत्रंही. म्हणजे आकाशातून वेळ घ्यायची कल्पना जीपीएसच्या आधीची. पण जीपीएसने ती घरोघर आणली.

जीपीएसचा पहिला उपग्रह सोडला १९७८ च्या फेब्रुवारीत. हेतू अर्थातच लष्करी. १ सप्टेंबर १९८३ ला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही यंत्रणा पुरी झाली की नागरिकांनाही खुली राहील. ती पूर्ण झाली १९९५ मध्ये. तरीही सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे. ती भेसळ २००० सालच्या मे महिन्यात बंद केली.

या उपग्रहांना आपण रस्ता दाखवणारे म्हणतो, पण खरं म्हणजे ती आकाशात टांगलेली घड्याळं आहेत. प्रत्येकात सीझियम किंवा रुबिडियमची अणुघड्याळं. वीस हजार किलोमीटरवरून प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्याकडे इतके वाजलेत.' हा निरोप प्रकाशाच्या वेगाने आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण चौदावा-पंधरावा भाग लागतो. किती लागला हे कळलं की अंतर कळलं. आपली जागा काढायला तीन आकडे हवेत आणि आपलं स्वतःचं घड्याळ किती चुकलंय हा चौथा, म्हणून चार उपग्रह दिसावे लागतात. पण गॅलरी काही हलत नाही! एकदा तिची जागा नक्की झाली की राहिला एकच अज्ञात आकडा, वेळ. तेवढ्याला एक उपग्रहसुद्धा पुरतो. ज्यांनी शाळेत समीकरणं सोडवलीत त्यांना हे लगेच पटेल.

यात आइनस्टाइनही आहे. वेगाने फिरणारं घड्याळ हळू चालतं, त्यामुळे ही घड्याळं रोज सात मायक्रोसेकंद मागे पडतात. पण पृथ्वीपासून लांब, जिथे गुरुत्वाकर्षण कमी, तिथे घड्याळ जलद चालतं, त्यामुळे ती रोज पंचेचाळीस मायक्रोसेकंद पुढे जातात. वजाबाकी करून अडतीस मायक्रोसेकंद पुढे. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) दुर्लक्ष केलं तर तेवढ्यानेही दिवसाला अकरा किलोमीटरच्या आसपास अंतराची चूक साचेल. १९७७ च्या जूनमध्ये चाचणीचा एक उपग्रह सोडला, त्यात ही दुरुस्ती करणारी सोय ठेवली होती पण सुरुवातीला ती बंद ठेवली. वीस दिवस मोजमाप केलं. घड्याळ रोज अडतीस मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने पुढे जाताना दिसलं, आइनस्टाइनच्या गणिताला अगदी धरून. मग दुरुस्ती चालू केली. मला या वीस दिवसांचं फार कौतुक वाटतं. गणितावर विश्वास होता, तरी घड्याळाला विचारून घेतलं.

आता गॅलरीतल्या वडीकडे. ती वायरीतून दर सेकंदाला एक ओळ पाठवते, 'आता इतके वाजून इतकी मिनिटं आणि इतके सेकंद झाले.' पण ओळ लिहून पाठवेपर्यंत सेकंदाचा काही भाग निघून गेलेला असतो, आणि तो प्रत्येक वेळी सारखाही नसतो. म्हणून एक स्वतंत्र तार असते. तिच्यावर सेकंद बदलतो त्या नेमक्या क्षणी एक ठोका पडतो. किती वाजले हे ओळ सांगते, कधी वाजले हे ठोका सांगतो. रेडिओवर बातम्यांच्या आधी पीप पीप वाजायचं आणि मग निवेदक वेळ सांगायचा, तसंच. आपण घड्याळ लावायचो ते ठोक्यावर, निवेदकाच्या बोलण्यावर नाही.

वीस-तीस वर्षांपूर्वी हे असं यंत्र हौशी माणसाच्या आवाक्यात नव्हतं. नासाच्या गोडार्ड केंद्रातले एक रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ टॉम क्लार्क यांना दूरदूरच्या दुर्बिणींची घड्याळं एकमेकांशी जुळवायची होती आणि बाजारातली यंत्रं फार महाग. ते स्वतः हौशी रेडिओवालेही होते. त्यांनी १९९० च्या दशकात मोटोरोलाच्या एका साध्या जीपीएस पट्टीभोवती स्वस्तातलं घड्याळ उभं केलं आणि नाव ठेवलं 'टोटली ॲक्युरेट क्लॉक'. त्या नावात थोडा मिस्कीलपणा आहेच. त्या आराखड्यावरून अनेकांनी घरी घड्याळं केली. नातवाची वडी ही त्याच घराण्यातली.

पहिल्या दिवशी ती चालू केली तेव्हा एक गंमत झाली होती. जीपीएसची स्वतःची वेळ आपल्या वेळेच्या अठरा सेकंद पुढे असते. पृथ्वी आपल्या फिरण्यात थोडी अनियमित, म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळांत अधूनमधून एक जादा सेकंद घालत आले. आजवर सत्तावीस घातले, शेवटचा २०१६ च्या अखेरीला. म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला, आपण साखरझोपेत असताना. जीपीएस १९८० पासून सेकंद मोजतं आणि हे जादा सेकंद धरत नाही. फरक किती तो उपग्रह संदेशातून सांगतात, पण सगळा संदेश एकदा पुरा व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. त्यामुळे नवीन यंत्र आधी घुटमळतं आणि मग एकदम सुधारतं. ही जादा सेकंदाची प्रथा २०३५ पर्यंत बंद करायचं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं आहे. पंचांगातल्या अधिक महिन्याचे मात्र तसे काही कुणाचे विचार दिसत नाहीत!

हे सगळं चालू असताना मी नातवाला एकदा न राहवून विचारलं, "अरे, पण एवढी अचूक वेळ घेऊन तू करणार काय?" तो म्हणाला, "काहीच नाही, आजोबा. हौस." मी गप्प बसलो. कारण चार मिनिटांनी काय होतं हे मला माहीत आहे, आणि ते मी घरात आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

१९८० च्या आसपासची गोष्ट. मी एका शाळेत दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक होतो. पेपर अकराला सुरू आणि साडेअकरानंतर कुणालाही आत घ्यायचं नाही असा नियम. लांबच्या खेड्यातला एक मुलगा धापा टाकत आला, त्याची एसटी वाटेत बंद पडली होती. दाराशी मी होतो. कार्यालयातल्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकतीस झाले होते, आणि माझ्या एचएमटीतही तेच, कारण माझं घड्याळ मी रोज सकाळी त्या घड्याळावरच लावत असे. दोन घड्याळं सांगतात म्हटल्यावर शंका कशाला? मी त्याला आत घेतलं नाही. तो वाद घालत बसला नाही. पायरीवर थोडा वेळ बसला आणि गेला.

संध्याकाळी रेडिओवर बातम्यांचे ठोके लागले तेव्हा सवयीने मनगटाकडे पाहिलं. माझं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. म्हणजे मुलगा आला तेव्हा अकरा सत्तावीसच झाले होते. दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, केंद्राचं घड्याळ तेच प्रमाण. पेपरही त्याच घड्याळाने सुरू झाला ना?" बोलणं तर्काला धरून होतं. पण एसटी, मुलाचं गाव, त्याची उन्हातली पायपीट, यातलं काहीच त्या घड्याळावर चालत नव्हतं. मुलगा ऑक्टोबरला बसला आणि पास झाला, एवढं मला कळलं. मिल्स यांची पद्धत वाचताना एका वाक्यापाशी मी थांबलो होतो. एकमेकांवरूनच लावलेली दोन घड्याळं ही दोन साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष दोनदा मोजलेली असते.

घड्याळ कुणाचं प्रमाण मानायचं, यावरून आपल्या मुंबईत तर पन्नास वर्षं भांडण चाललं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, जहाजांसाठी वेळ ठेवणं हे तिचं एक मूळ काम. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. (७२ अंश ४९ मिनिटांना चारने गुणून पाहा!) रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेने चाले. गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली, लोकांनी ती मानली नाही आणि दोनेक वर्षांत तो बेत गुंडाळावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली, मुंबईच्या एकोणचाळीस मिनिटं पुढे. ज्याला सहाला गिरणीत हजर व्हायचं, त्याने आता सूर्याच्या हिशेबाने एकोणचाळीस मिनिटं आधी उठायचं. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारलं, गिरण्यांवर दगड पडले. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारीही लोकांना विश्वासात न घेता वेळ बदलण्याच्या विरोधात होते. महापालिकेने आपली 'मुंबई टाइम' पुढे बरीच वर्षं सांभाळली. माझ्या आजोबांच्या ट्रंकेत एक जुनी लग्नपत्रिका होती, तिच्यात मुहूर्तापुढे कंसात 'स्टँ. टा.' छापलेलं होतं. लहानपणी मला ते कुणाचं तरी आडनाव वाटायचं.

आज भारताची वेळ ठेवते दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. उपग्रहांच्या बाबतीत आपणही 'नाविक' उभं केलं. त्याच्या पहिल्या उपग्रहातली, २०१३ मध्ये सोडलेल्या, तिन्ही अणुघड्याळं पुढे बंद पडली. ती परदेशी होती. २९ मे २०२३ ला गेलेल्या उपग्रहात पहिल्यांदा आपण केलेलं रुबिडियम घड्याळ होतं. उपग्रह, रॉकेट सगळं ठीक असून घड्याळ गेलं की सगळं गेलं, हे त्यावरून समजावं.

आणि जीपीएसवाल्यांचीही चूक होते बरं का. २०१६ च्या २६ जानेवारीला, आपण इकडे झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, अमेरिकेने १९९० साली सोडलेला एक म्हातारा उपग्रह सेवेतून काढला. त्या खटपटीत उरलेल्यांपैकी काही उपग्रहांवर एक चुकीचा आकडा चढला आणि जगाची वेळ ते तेरा मायक्रोसेकंदांहून थोडी अधिक चुकीची सांगू लागले. रस्ते दाखवणाऱ्यांना काही कळलं नाही, कारण जागेच्या हिशेबात तो आकडा लागतच नाही. ज्यांनी त्यांच्याकडून फक्त वेळ घेतली होती त्यांच्याकडे घंटा वाजू लागल्या. टेलिफोन कंपन्यांची यंत्रं तासन्‌तास इशारे देत राहिली, ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओ अडखळला. आकाशातली सगळी घड्याळं उत्तम चालत होती. एक आकडा तेवढा चुकीचा लिहिला गेला होता.

म्हणून नातवाने फक्त गॅलरीवर भिस्त ठेवलेली नाही. वडीशिवाय तो इंटरनेटवरून आणखी चार ठिकाणी वेळ विचारत ठेवतो, आणि त्यातल्या कुणाची वेळ कुणावरून लावलेली आहे तेही बघतो. ही मुलं हुशार आहेत.

जायच्या आदल्या रात्री त्याने मला पडद्यावर आकडा दाखवला. आमच्या घराचं घड्याळ खऱ्या वेळेपासून दोन-तीन मायक्रोसेकंदांच्या आत होतं. मग तो उत्साहाने स्वयंपाकघरात गेला आणि स्टुलावर चढून तिथलं भिंतीवरचं घड्याळ काढू लागला, ते दहा मिनिटं पुढे असतं म्हणून. आमची ही पोळ्या लाटत होती. मागे न बघताच म्हणाली, "त्याला हात लावायचा नाही हं. नळाचं पाणी साडेसहाला जातं. दहा मिनिटं पुढे आहे म्हणून निभतंय."

नातू स्टुलावरून खाली उतरला.